जुन्या कोरियातल्या बायका, पुरुष आणि लैंगिकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन मालिका बघून झाल्या की इतिहासाचे प्रश्न येतात, आणि त्यातले निम्मे तरी बायका, लग्न नि प्रेम यांबद्दलचे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे आधी, अवघड नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "जुना कोरिया" म्हणजे नेमका कोणता काळ?

एकच काळ धरला की सगळा गोंधळ होतो. इथे तीन राजवटी लक्षात ठेवल्या तरी पुरे. सिल्ला (इ. स. ९३५ पर्यंत, राजधानी आजचं ग्योंगजू), गोर्यो (९१८ ते १३९२, राजधानी केसोंग) आणि जोसन (१३९२ पासून, राजधानी हान्यांग म्हणजे आजचं सोल). पहिल्या दोन्हींवर बौद्ध धर्माची छाप, तर जोसनने कन्फ्यूशियसच्या विचाराला राज्याचं तत्त्व मानलं. मालिकांतला कोरिया बहुधा जोसनचा असतो, तोही जोसनच्या उत्तरकाळातला. "कोरियन परंपरा" म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं सतराव्या शतकाच्या आधी तितकं रुजलेलंच नव्हतं.

२. कोरियात खरंच राण्यांनी राज्य केलं का? की राजाच्या नावाने?

खरंच केलं, आणि स्वतःच्या नावाने. सिल्लात तीन राण्या गादीवर बसल्या: सोन्दोक (६३२ ते ६४७), चिन्दोक (६४७ ते ६५४) आणि चिन्सोंग (८८७ ते ८९७). यामागे स्त्री-पुरुष समतेचा विचार होता असं समजू नका. सिल्लात माणसाची पायरी "हाडावरून", म्हणजे जन्माच्या कुळावरून ठरे. पहिल्या दोघींच्या वेळी सर्वांत वरच्या, "पवित्र हाडा"चा पुरुष वारस उरला नव्हता, तेव्हा त्याच कुळातली मुलगी चालली. रक्त आधी, लिंग नंतर.

६४७ मध्ये बिदाम नावाच्या बड्या सरदाराने, बाईला राज्य नीट करता येत नाही असं सांगत बंड केलं. बंड चालू असतानाच सोन्दोक वारली. सेनापती किम युसिनने बंड मोडलं, आणि मग गादीवर कोण आलं? पुन्हा बाईच. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत आवडतो.

सोन्दोकची निंदा खरी सुरू झाली ती पाचशे वर्षांनी. ११४५ च्या 'सामगुक सागी' या इतिहासात किम बुसिक लिहितो, की बाईला गादीवर बसवलं तरी देश बुडाला नाही हे नशीबच. हे मत किम बुसिकच्या काळाचं. सिल्लाच्या काळाचं म्हणून ते वाचू नये.

३. अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली, हे खरं का?

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात भिक्षू इर्योनने रचलेल्या 'सामगुक युसा'त ही कथा आहे. इ. स. ४८ मध्ये हो ह्वांग-ओक नावाची सोळा वर्षांची मुलगी "आयुता" देशातून गलबताने आली आणि गाया राज्याच्या सुरो राजाशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्याच, असं सिद्ध झालेलं नाही. घटना आणि तिची ही नोंद यांत बारा शतकांचं अंतर आहे.

पण कथेतल्या एका गोष्टीकडे आपल्याकडे कुणी बघत नाही. परंपरा सांगते, की राणीच्या विनंतीवरून तिच्या दोन मुलांना आईचं आडनाव मिळालं. म्हणून गिम्हेचे किम आणि गिम्हेचे हो एकाच कुळाचे मानले जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं करत नव्हते. आईच्या नावाने कूळ चालणं लोकांना अशक्य वाटलं नाही, एवढं यातून नक्की दिसतं.

४. लग्न झालं की मुलगी सासरी जाई ना?

गोर्योत आणि जोसनच्या पहिल्या दोन शतकांत बहुतेकदा उलटं होतं. लग्न मुलीच्या घरी लागे, जावई तिथेच राही, मुलं आजोळी वाढत. घरजावई म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. तिथे ती रीतच होती. कोरियन भाषेत आजही पुरुष लग्न करतो तेव्हा तो "जांगा"ला जातो म्हणतात, म्हणजे शब्दशः सासुरवाडीला. रीत गेली, क्रियापद उरलं.

जोसनच्या विद्वानांना हे बोचत होतं, कारण त्यांच्या ग्रंथांप्रमाणे नवऱ्याने वधूला आपल्या घरी आणायला हवं. १४३५ मध्ये सेजोंग राजाने आपल्या सावत्र बहिणीचं, राजकन्या सुक्सिनचं लग्न नव्या विधीने लावून उदाहरण घालून दिलं. सरदार घराण्यांनी माना डोलावल्या आणि आपल्या मुली आपल्याच घरी ठेवल्या.

आज पन्नास हजार वोनच्या नोटेवर जिचं चित्र आहे, ती चित्रकार शिन साइमदांग (१५०४ ते १५५१) "आदर्श पत्नी" म्हणून गाजवली जाते. पण तिचा मुलगा, तत्त्वज्ञ युलगोक, १५३६ मध्ये जन्मला तो गांगनुंगच्या ओजुकहॉन या घरात, म्हणजे तिच्या माहेरी. लग्नानंतर जवळजवळ वीस वर्षांनी ती हान्यांगला कायमची राहायला गेली.

५. मग मुलींना वाटणी मिळे का?

मिळे, आणि बरोबरीची. १४८५ ची 'ग्योंगगुक देजॉन' ही जोसनची कायदेसंहिता मुख्य पत्नीच्या मुलगा-मुलगी सर्वांना समान वाटा देते. पितरांचं श्राद्ध करणाऱ्याला तेवढा पाचवा हिस्सा जास्त. श्राद्धसुद्धा भावंडं आळीपाळीने करत, मुलीही.

युलगोकच्या आजीचंच बघा. तिला पाच मुली, मुलगा नाही. तिने दत्तक घेतला नाही. मालमत्ता मुलींत वाटली, सोलमधलं एक घर नातू युलगोकला दिलं ते श्राद्ध चालवण्यासाठी, आणि ओजुकहॉन चौथ्या मुलीचा मुलगा ग्वोन चोग्युन याला दिलं ते थडगी सांभाळण्यासाठी. दोन्ही मुलींकडचे नातू, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

वंशावळींतही हेच दिसतं. आंदोंगच्या ग्वोन घराण्याची १४७६ ची वंशावळ मुलं-मुली जन्मक्रमाने लिहिते आणि लेकींच्या वंशजांचीही नावं देते. लग्नानंतर बायकोचं आडनाव बदलत नसे, आजही बदलत नाही. पण याला समतेचं प्रमाणपत्र समजू नका: आडनाव वडिलांचं, आणि ते तिला सासरच्या कुळात परकी ठेवतं.

६. हे सगळं बदललं कधी आणि का?

सतराव्या शतकात, हळूहळू. १५९२ ते १५९८ चं जपानी आक्रमण, मग १६२७ आणि १६३६ ची मांचू आक्रमणं यांनी देश खिळखिळा झाला. वाटण्या होत होत जमिनींचे तुकडे पडले होते. थोरल्या मुलाकडे श्राद्ध आणि त्याच्याकडेच जमीन, ही मांडणी घराण्यांना सोयीची वाटू लागली. कन्फ्यूशियसची शिकवण होतीच. आता ती खिशालाही पटली, असं माझं मत.

बुआनच्या किम घराण्याचा १६६९ चा दस्तऐवज मी दर वेळी दाखवतो. त्यात बाप लिहून ठेवतो, की मुली परक्या घरी जातात, आमचं श्राद्ध करत नाहीत, तेव्हा त्यांना मुलाच्या वाट्याच्या एक तृतीयांश द्यावं. कायदा बदललेला नव्हता. पुढे काही घरांत ते तृतीयांशही गेलं, आणि मुलगा नसेल तर भावकीतला पुतण्या दत्तक घेणं नियमाचं झालं.

७. पुरुष कितीही बायका करू शकत होते का?

गोर्योत एक पत्नी हीच सर्वसाधारण रीत होती. चुंगन्योल राजाच्या काळात (१२७४ ते १३०८) बाक यू नावाच्या अधिकाऱ्याने सुचवलं, की देशात बायका जास्त, पुरुष कमी, तेव्हा अधिकाऱ्यांना आणखी बायका करू द्याव्यात. कंदिलांच्या उत्सवात तो राजाच्या मागून चालला असताना एका म्हातारीने बोट दाखवलं: हाच तो, अनेक बायका मागणारा थेरडा! मग रस्त्यावरच्या बाकी बायकांचीही बोटं उठली. 'गोर्योसा' हा इतिहास पुढे नोंदवतो, की काही मंत्री आपल्या बायकांना भीत होते आणि प्रस्ताव तिथेच बारगळला.

गोर्योच्या अखेरीस बड्या लोकांनी दोन-दोन बायका केल्याच. १४१३ मध्ये जोसनने कायदा केला: पत्नी असताना दुसरी पत्नी करता येणार नाही. ऐकायला बरं वाटतं. पण दुसरी आता "पत्नी" न राहता उपपत्नी झाली आणि तिची मुलं कायमची खालच्या पायरीवर गेली. सरकारी परीक्षांची मुख्य दारं त्यांना बंद होती.

८. विधवांना पुनर्विवाह करायला बंदी होती का?

थेट बंदी नव्हती, आणि यातच मेख आहे. गोर्योत विधवा सहज लग्न करत. जोसनने १४७७ मध्ये ठरवलं आणि १४८५ च्या संहितेत घातलं, की पुनर्विवाह केलेल्या बाईच्या मुलांना अधिकारपदाच्या परीक्षा देता येणार नाहीत. शिक्षा आईला नाही, मुलाला. आता कुठली सरदार घराण्यातली आई करेल लग्न?

दरबारात चर्चा झाली तेव्हा बहुतेक मंत्र्यांचं मत होतं की एका पुनर्विवाहाला आडकाठी नको. सोंगजोंग राजाने मोजक्या कडक मंडळींचं ऐकलं. १४३४ च्या 'सामगांग हेंगसिल्दो' या चित्रमय पुस्तकातून पतिव्रतांच्या कथा गावोगाव पोचवल्या जात होत्याच. गोरगरिबांना परीक्षांशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे त्यांच्यात पुनर्विवाह चालूच राहिले. विधवेला रात्री चादरीत गुंडाळून पळवून नेण्याची "बोस्साम" ही चालही सांगितली जाते. कधी ती संगनमताने होई, कधी शुद्ध जबरदस्ती. निर्बंध उठला १८९४ च्या सुधारणांत.

९. नवरा बायकोला टाकू शकत होता का?

पुस्तकात सात कारणं होती: सासू-सासऱ्यांचं न ऐकणं, मुलगा नसणं, व्यभिचार, मत्सर, वाईट रोग, बडबड आणि चोरी. आणि तीन अपवाद: तिने सासू किंवा सासऱ्याचं तीन वर्षांचं सुतक पाळलं असेल, लग्नाच्या वेळची गरिबी जाऊन घर श्रीमंत झालं असेल, किंवा तिला परत जायला जागा नसेल. प्रत्यक्षात सरदार घराण्यांत घटस्फोट राज्याला नको असे, कारण पत्नी म्हणजे घराण्यांमधला करार.

याचा कस लागला १६३६ च्या आक्रमणानंतर. मांचूंनी पळवलेल्या बायका खंडणी भरून परत आल्या, तर सासरची दारं बंद. १६३८ मध्ये मंत्री जांग यू याने आपल्या मुलाच्या घटस्फोटासाठी अर्ज केला. मंत्री चोए म्योंगगिलने विरोध केला: यांचा दोष काय? इन्जो राजाने घटस्फोट नाकारला. तरी अनेकांनी परत आलेल्या बायकांना नांदवलं नाही. त्यांना वाचवता आलं नाही, हा दोष पुरुषांच्या फौजेचा होता. भोगला बायकांनी.

१०. गिसेंग म्हणजे वेश्याच ना?

नाही, आणि "कलावंतीण" म्हटलं तरी पूर्ण अर्थ येत नाही. गिसेंग सरकारी नोंदवहीतली दासी असे. आई गिसेंग तर मुलगी गिसेंग. गाणं, नाच, वाद्य, कविता शिकवत आणि मेजवान्यांना उभं करत. अधिकाऱ्यांची शय्यासोबत "नाही" म्हणण्याचा हक्क बहुतेकींना नव्हता. त्यामुळे त्यांना स्वच्छंद प्रेमिका करून रंगवणं मला खटकतं. सोळाव्या शतकातली ह्वांग जिनी ही मोठी कवयित्री खरीच. हिवाळ्यातल्या लांब रात्रीचा मधला भाग कापून पांघरुणाखाली जपून ठेवीन आणि तो येईल त्या रात्री उलगडीन, ही तिची कल्पना आजही कोरियातल्या शाळेत शिकवतात. पण एका ह्वांग जिनीमागे हजारो जणी निनावी आहेत.

वैद्य-स्त्रियाही याच दासीवर्गातून येत. पुरुष वैद्याला अंग दाखवण्यापेक्षा बायका मरण पत्करतात म्हणून १४०६ मध्ये मुलींना वैद्यकी शिकवायला सुरुवात झाली. मालिकेमुळे जगभर पोचलेली जांगगम यांतलीच. तिचं नाव जुंगजोंग राजाच्या इतिवृत्तात खरोखर येतं. पुढचं बरंचसं मात्र मालिकेने रचलेलं.

११. दासींना बाळंतपणाची रजा होती, ही व्हॉट्सॲपवरची थाप ना?

थाप नाही. १४२६ मध्ये सेजोंगने सरकारी दासींना बाळंतपणानंतर शंभर दिवस कामातून सूट दिली. १४३० मध्ये बाळंतपणाआधीचे तीस दिवसही सुटीत धरले, आणि १४३४ मध्ये नवऱ्यालाही तीस दिवस, कारण बाळंतिणीकडे बघायला कुणी नसे. खासगी मालकांच्या दासींना हे लागू होतं असं समजू नये. आणि जन्मलेलं मूलही दासच.

१२. ह्वारांग समलिंगी होते का?

सिल्लाच्या सरदारपुत्रांची ही तुकडी. आधी दोन सुंदर मुलींना, नाम्मो आणि जुनजोंग यांना, "वोनह्वा" म्हणून नेत्या केलं होतं. जुनजोंगने मत्सरापोटी नाम्मोला दारू पाजून नदीत ढकललं, म्हणून त्याऐवजी देखणे मुलगे निवडून नटवले, अशी 'सामगुक सागी'तली कथा. नटणं-मुरडणं आलं म्हणून आजचे वाचक लगेच निष्कर्ष काढतात. सहकाऱ्याच्या आठवणीने व्याकूळ झालेलं एक गीत उरलं आहे, जुकजी या ह्वारांगसाठी देउगोने रचलेलं. त्यातून माया दिसते. शरीरसंबंध दिसत नाही, नव्हता असंही दिसत नाही.

'ह्वारांग सेगी' नावाचं हस्तलिखित १९८९ मध्ये पुढे आलं, त्यात मसाला भरपूर आहे. पण बहुतेक अभ्यासक ते विसाव्या शतकातलं बनावट मानतात. त्याच्या आधाराने कुणी काही सांगत असेल तर तिथेच थांबा.

१३. पुरुषांवर प्रेम करणारे राजे झाले का?

दोन नावं नेहमी येतात. गोर्योच्या मोकजोंगचा (९९७ ते १००९) लाडका यू हेंगगान. देखणा म्हणून राजाची त्याच्यावर मर्जी होती आणि दरबारातली बरीच कामं त्याच्यामार्फत होत. दुसरा कोंगमिन (१३५१ ते १३७४). त्याची मंगोल राणी नोगुक १३६५ मध्ये बाळंतपणात गेली, तो तिच्या चित्रासमोर बसून रडे. १३७२ मध्ये त्याने तरुण सरदारपुत्रांचं "जाजेवी" हे पथक जवळ ठेवलं, आणि दोन वर्षांनी त्याच पथकातल्या हाँग र्युन आणि खोजा चोए मानसेंग यांनी त्याला ठार मारलं.

आता अडचण. राजा स्त्रीवेष करे, तरुणांना राण्यांकडे पाठवी, हे सगळं आपल्याला कळतं ते 'गोर्योसा'मधून. ती १४५१ मध्ये जोसनने पुरी केली, आणि गोर्यो बुडवणाऱ्या जोसनला दाखवायचं होतं की कोंगमिननंतरचे राजे त्याच्या वंशाचे नव्हतेच. म्हणून मी त्याला आवर्जून समलिंगी म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मोकजोंगबद्दल मात्र उल्लेख साधा, थेट आहे, म्हणून तो मला जास्त खरा वाटतो.

१४. आणि बायका-बायकांमधलं प्रेम?

इथे पुरावा नेमका आहे, कारण राजाने स्वतः चौकशी केली. १४३६ मध्ये सेजोंगची सून, युवराजाची दुसरी पत्नी बोंग, हिच्याबद्दल कुजबुज झाली की ती सोस्सांग नावाच्या दासीसोबत झोपते. सोस्सांगने सांगितलं, की बाईसाहेबांनी बोलावलं, मी नको म्हटलं, त्यांनी जबरदस्ती केली. बोंगने उलट सांगितलं: सोस्सांगचं प्रेम तान्जी या दुसऱ्या दासीवर आहे, त्या दोघीच रात्री एकत्र असतात, मी नव्हे. सासऱ्याला ते पटलं नाही. बोंगची हकालपट्टी झाली. सेजोंगने मंत्र्यांना सांगितलं की हे फर्मानात लिहू नका. फर्मानात मग मत्सर, मूलबाळ नसणं असे दोष आले. पण रोजचं दरबारी इतिवृत्त राजाच्या हातात नसे, म्हणून दडवलेलं कारण आपल्याला वाचता येतं.

मला त्यात दिसते ती सोस्सांग. तिची बाजू खरी असेल तर ही प्रेमकथा नाही, मालकिणीची बळजोरी आहे. याच प्रसंगी सेजोंग सांगतो, की दासींमधले असे संबंध कळल्यावर आपण सत्तर फटके ठरवले होते, मग शंभर केले. म्हणजे वाड्यात हे नवीन नव्हतं.

१५. पुरुष-स्त्री या दोन कप्प्यांत न बसणाऱ्यांचं काय?

१४६२ चं साबांगजीचं प्रकरण वाचा. हा दास मुलगी म्हणून वाढला होता, शिवणकामात तरबेज. खगोलज्ञ यी सुन-जी याच्या विधवा मुलीशी त्याचे संबंध असल्याचं बाहेर आलं, तपासणी झाली आणि शरीरात दोन्ही लक्षणं आढळली. अधिकारी कडक शिक्षेसाठी अडून बसले. सेजो राजाने आधी प्रकरण वाढवलं नाही, साबांगजीला यी सुन-जीच्याच ताब्यात दिलं. संबंध पुन्हा सुरू झाल्यावर १४६७ मध्ये त्याला लांबच्या गावी पाठवलं.

१५४८ मध्ये उत्तरेतल्या गिल्जूहून आणखी एक अहवाल आला: इम सोंगगुजी नावाची व्यक्ती नवऱ्याला बायको झाली होती आणि तिने स्वतः बायकोही केली होती. साबांगजीचा दाखला निघाला, आणि मारू नका, लोकांपासून दूर ठेवा, असं ठरलं. आजचा कुठलाही शब्द या दोघांना लावताना मी कचरतो. "मी कोण" हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खोजे हा वेगळा विषय. कोरियन खोजे लग्न करत, मुलगे दत्तक घेत, आणि दत्तकाचं आडनाव वेगळंच राही. त्यांच्या वंशावळीत दर पिढीला आडनाव बदलतं.

१६. नामसादांगमध्ये पुरुष जोड्या होत्या म्हणतात, ते काय?

गावोगाव फिरणारे, डोंबाऱ्यासारखे खेळ, मुखवटे आणि बाहुल्या दाखवणारे पुरुषांचे जत्थे. जोसनच्या उत्तरकाळातले. जुने कलाकार "सुत-दोंगमो" आणि नवखे "आम-दोंगमो", म्हणजे नर सोबती आणि मादी सोबती. नवखे स्त्रीवेषात राहत. काही जण याला कोरियातली मोकळी समलैंगिक संस्कृती म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. नवखे बहुधा पोरसवदा, गरिबांनी सोडलेले किंवा पळवलेले. ते शोषण होतं. गंमत अशी, की या पुरुषी जगाची सर्वांत गाजलेली नायक एकोणिसाव्या शतकातली एक मुलगी होती, आन्सोंगची बाउदोगी.

१७. व्यभिचाराला देहदंड होता का?

कायद्यात नव्हता. तरी १४८० मध्ये राजघराण्यातल्या एकाची टाकलेली पत्नी ओउदोंग हिला फाशी झाली, कारण सोंगजोंगला उदाहरण घालून द्यायचं होतं. हा तोच राजा (प्रश्न ८). तिच्याशी संबंध असलेल्या पुरुषांपैकी बरेच जण पुढे पदांवर परतले. याउलट १४२७ मध्ये, सेजोंगच्या काळात, यू गामदोंग नावाच्या अधिकारीपत्नीच्या प्रकरणात डझनावारी पुरुषांची नावं निघाली होती. तिला जीव गमवावा लागला नाही.

१८. बायकांनी स्वतः लिहिलेलं काही आहे का? सगळं पुरुषांनीच सांगितलेलं दिसतं.

आहे, पण बहुतेक उशिराचं. इम युनजिदांग (१७२१ ते १७९३) हिने तत्त्वज्ञानात ठाम लिहिलं, की मी बाई असले तरी मिळालेला मूळ स्वभाव स्त्री-पुरुषांत वेगळा नाही. ती लेखन दिवसा करत नसे, रात्री करी. घरातल्यांनाही तिच्या विद्वत्तेचा अंदाज उशिरा आला.

आणि किम गुमवॉन. १८३० मध्ये, चौदाव्या वर्षी, आईवडिलांची परवानगी मिळवून तिने केस मुलासारखे बांधले, मुलाचे कपडे घातले आणि गुमगांग पर्वत बघायला निघाली. कधीतरी बांगड्या-अंबाडा आयुष्यभर राहणारच, तोवर हे बघून घेऊ, असा तिचा विचार. प्रवासाचं वर्णन तिने वीस वर्षांनी लिहून काढलं.